अमीन : एका नावाची वंशावळ

पेढीच्या खतावणीत 'अनामत' या शब्दाचे पान नाही, असे क्वचितच आढळते. भाडेकरूने जागेपोटी आगाऊ भरलेली रक्कम, परगावच्या व्यापाऱ्याने मालाच्या हमीसाठी ठेवलेले पैसे, कुणा विधवा आप्तेने सांभाळण्यास दिलेली पुंजी, हे सारे त्या एका पानावर येते. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो दुरून आला असावा अशी शंकाही कोणास येत नाही. वस्तुतः तो एका मोठ्या अरबी कुळातला आहे, आणि त्याच कुळात 'अमीन' हे पुरुषाचे नाव जन्मले. मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत हे नाव मुलांना ठेवले जाते. तुर्कस्तानात ते 'एमिन' होते, भारतात 'मोहम्मद अमीन' वा 'अमीनुद्दीन' अशा जोडनावांत येते. या नावाचा अर्थ 'ज्यावर विश्वास टाकावा असा'. थोडक्यात, ज्याच्यापाशी अनामत ठेवावी, तो अमीन.

अरबी भाषेत शब्द कसे घडतात हे पाहिल्यावाचून हे नाते उलगडत नाही. संस्कृतात जसा धातू, तसे अरबीत बहुधा तीन व्यंजनांचे मूळ असते. ही तीन व्यंजने म्हणजे जणू धातूचा रस. त्यासाठी स्वरांचे ठराविक साचे असतात. एकच रस निरनिराळ्या साच्यांत ओतला की निरनिराळे शब्द तयार होतात, परंतु मूळ अर्थाचा अंश प्रत्येकात राहतो. 'ज-म-अ' या मुळात एकत्र करण्याचा भाव आहे. पैसा एकत्र झाला तो 'जमा', माणसे एकत्र आली ती 'जमात', आणि नमाजासाठी लोक एकत्र जमतात तो वार 'जुम्मा'. वहीच्या जमेच्या बाजूला लिहिला जाणारा शब्द आणि शुक्रवारचे अरबी नाव ही एकाच घरची आहेत.

साच्यांचे उदाहरणही बाजारातच मिळते. नित्य एकच काम करणाऱ्या माणसासाठी अरबीत एक खास साचा आहे. त्यात मधले व्यंजन द्वित्त होते आणि त्यापुढे दीर्घ 'आ' येतो. नाणी पालटून देणारा 'सर्राफ', वाट दाखवून सौदा जुळविणारा 'दल्लाल', ओझे वाहणारा 'हम्माल'. मराठीने द्वित्त सोडून दिले आणि सराफ, दलाल, हमाल असे सुटसुटीत शब्द घेतले. या तिघांची मुळे वेगळी आहेत, साचा मात्र एक आहे. म्हणून शेवटचे अक्षर सगळ्यांचे सारखे नसूनही तिन्ही शब्द कानाला एका लयीचे वाटतात. अरबी व्याकरणात साच्याला 'वझन' म्हणजे वजन असेच म्हणतात. तराजूशी नाते सांगणाऱ्या समाजाला ही संज्ञा आवडण्याजोगी आहे.

'अमीन' या शब्दाचे मूळ 'अ-म-न' हे आहे. त्याचा आद्य अर्थ विश्वास हा नव्हे, तर भयाचा अभाव, सुरक्षितता हा आहे. याच मुळापासून 'अमन' म्हणजे शांतता. भयापासून मुक्त झालेले मन निश्चिंत होते आणि निश्चिंत मन विश्वास ठेवते, अशा क्रमाने अर्थ पुढे सरकला. साचा पाहिला तर तो करीम, रहीम, हकीम, शरीफ, गरीब यांचा आहे. अंगी मुरलेला, कायम वसलेला गुण सांगण्यासाठी तो वापरला जातो. काही शब्दांत मात्र त्या साच्याला कर्मणी अर्थ येतो. 'वकील' म्हणजे ज्याच्यावर काम सोपविले तो, 'हबीब' म्हणजे ज्यावर प्रेम केले तो. 'अमीन' हाही त्याच रांगेतला आहे. विश्वास दुसऱ्याने टाकायचा असतो आणि अमीनाने तो पेलायचा असतो. स्वतःला स्वतःच अमीन म्हणविण्याची सोय या शब्दात नाही.

हे नाव इतके प्रतिष्ठित का झाले, याचे उत्तर सातव्या शतकातील मक्का शहरात सापडते. मक्का हे व्यापारी काफिल्यांचे नगर होते. इस्लामी परंपरेनुसार प्रेषित मुहम्मद हे प्रेषित म्हणून पुढे येण्यापूर्वी याच व्यापारात होते. खदीजा या धनाढ्य व्यापारी स्त्रीचा माल घेऊन ते शामदेशी, म्हणजे आजच्या सीरियाकडे गेले होते. व्यवहारातील चोखपणामुळे मक्केतील लोक त्यांना 'अल्-अमीन' म्हणत, असे परंपरा सांगते. पुढे मतभेद विकोपाला गेले आणि ६२२ मध्ये त्यांनी मक्का सोडून मदिनेची वाट धरली. त्या वेळी अनेक मक्कावासीयांच्या ठेवी त्यांच्यापाशी होत्या. ज्या नगरातील प्रमुख त्यांच्या जिवावर उठले होते, त्याच नगरातील ह्या ठेवी. चरित्रकार सांगतात की त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी आपला चुलतभाऊ अली याला मागे ठेवले, आणि ते काम पुरे केल्यावरच अली मदिनेस निघाला. वैर असले तरी ठेव बुडत नाही, हा त्या कथेचा गाभा आहे. तिच्यामुळे 'अमीन' हे विशेषण विशेषनाम झाले आणि घरोघरी पोहोचले. प्रेषितांच्या मातेचे नाव 'आमिना' हेही याच मुळातले. तेथे साचा निराळा आणि अर्थ 'निर्भय, सुरक्षित' असा आहे. 'अमीना' हे अमीनचे स्त्रीलिंगी रूप त्याहून वेगळे होय. मराठी बोलण्यात दोन्ही नावे एकसारखी ऐकू येतात, एवढेच.

नाव म्हणून रुळण्याबरोबरच 'अमीन' हा शब्द हुद्दा म्हणूनही रुळला. मोरोक्कोतील फेझ शहरात कारागिरांच्या प्रत्येक संघाच्या प्रमुखाला अमीन म्हणत. मालाच्या दर्जाविषयी वाद झाला तर निवाडा त्याचा. मोगल राज्यात शेतसाऱ्याची आकारणी ठरविणारा अधिकारी अमीन होता. रयत आणि सरकार या दोघांनीही त्याच्या मोजणीवर भरवसा ठेवावा, ही अपेक्षा त्या पदनामातच होती. कंपनी सरकारच्या न्यायखात्यात 'सदर अमीन' हे पद होते. गुजरातेतील चरोतरात महसुलाच्या कामावरून काही पाटीदार घराण्यांना 'अमीन' हे आडनाव लाभले. आजच्या अरबी भाषेतही ही परंपरा टिकून आहे. संस्थेच्या खजिनदारास तेथे 'अमीन अस्-सुंदूक' म्हणतात, म्हणजे संदुकीचा अमीन. विम्याला 'तामीन' म्हणतात. आखाती देशांशी व्यवहार असलेल्या पेढ्यांच्या विमापत्रांवर छापलेला हा शब्द अनामतीचाच आप्त आहे.

या कुळातील मराठीत स्थिरावलेले शब्द पाहिले म्हणजे भाषेचा स्वभावही कळतो. मूळ 'अमानत' या शब्दात आधी 'म' आणि मग 'न' आहे. मराठी जिभेने त्यांची अदलाबदल करून 'अनामत' केले. लखनौचे 'नखलौ' आणि मतलबचे 'मतबल' ज्या रीतीने होते, त्याच रीतीने हे झाले. गुजरातीतही 'अनामत' हेच रूप रूढ आहे, मात्र तेथे त्याचा अर्थ पुढे सरकून शिक्षणातील व नोकरीतील राखीव जागा असाही झाला. मराठी वृत्तपत्रांत निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द दिसतो तो वेगळ्याच प्रसंगी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास उमेदवाराची अनामत रक्कम जप्त होते. 'ईमान' याचा अरबी अर्थ धर्मश्रद्धा. मराठीने त्यातील धर्माचा भाग बाजूला ठेवला आणि निष्ठा तेवढी घेतली. म्हणून मराठीत मुनीम इमानी असतो, कुत्राही इमानी असतो, आणि दगा देणारा बेइमान ठरतो. प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा 'आमीन' आणि वसईच्या चर्चमध्ये ऐकू येणारा 'आमेन' हेही याच घरचे. हिब्रू भाषेतील त्याच मुळापासून तो शब्द निघाला. 'हे दृढ असो, हे खरे ठरो' असा त्याचा आशय आहे.

आता या नावाशी यमक साधणाऱ्या शब्दांकडे वळू. अरबी काव्यात यमकाला फार मोठे स्थान आहे. प्राचीन अरबी कसीद्यात आरंभापासून अखेरपर्यंत, कितीही ओळी असल्या तरी, एकच यमक चालते. त्या शेवटच्या व्यंजनावरून कवितेला ओळखण्याचीही प्रथा आहे. 'नून' या अक्षरावर संपणारी ती 'नूनिया'. अकराव्या शतकात स्पेनमधील कोर्दोबाचा कवी इब्न झैदून याने लिहिलेली विरहाची नूनिया अरबी साहित्यात आजही अभिमानाने वाचली जाते. 'अमीन' या नावावर असे यमक जुळविणे सोपे असते, कारण अरबीत अनेकवचनाचा एक प्रत्ययच 'ईन' असा आहे. शिवाय त्या काव्यशास्त्रात 'ईन' आणि 'ऊन' ही परस्परांशी जुळणारी मानली जातात. त्यामुळे 'अमीन'शी 'मामून' जुळले तर कवीचा दोष ठरत नाही. मराठी कानाला हे यमक कच्चे वाटेल. काफिया आणि रदीफ या संज्ञा माधव जूलियन व सुरेश भट यांच्या गझलांमुळे मराठी रसिकांच्या परिचयाच्या झाल्या, पण ही सवलत मात्र मराठीने घेतली नाही.

मराठीत 'अमीन'ला यमक शोधू जाता तीन शब्द चटकन हाताशी येतात. जमीन, जामीन आणि यकीन. तिन्ही शब्द व्यवहारातले, तिन्ही परक्या पोशाखातले. ऐकणाऱ्याला वाटावे की ही चौघे सख्खी भावंडे आहेत. परंतु वंशावळ काढली तर चित्र पालटते.

'जमीन' हा शब्द अरबी नाहीच, तो फारसी आहे. संस्कृतातील पृथ्वीवाचक 'क्ष्मा' हा त्याचा दूरचा आप्त. म्हणजे अमीनपेक्षा त्याचे नाते संस्कृतशी अधिक जवळचे आहे. 'जामीन' अरबी आहे, पण तेथे त्याचा उच्चार ऱ्हस्व इकाराने होतो आणि पहिले व्यंजन जड 'द'सारखे आहे. फारसीतून येताना त्याचा 'झ' झाला आणि मराठीत 'मी' दीर्घ झाला. दुसऱ्याच्या देण्याची हमी घेणारा, हा त्याचा अर्थ. मूळ निराळे, साचाही निराळा. मराठीत आल्यावर योगायोगाने तो अमीनच्या शेजारी बसला. 'यकीन' मात्र अरबी आणि अमीनच्याच साच्यातला आहे. त्याचे मूळ वेगळे आहे, आणि अर्थ आहे निश्चिती, खात्री. याउलट 'अनामत' आणि 'इमान' यांतील एकही शब्द 'अमीन'शी नीट यमक साधत नाही, तरीही रक्ताचे नाते त्यांचेच आहे.

'महसूल' आणि 'वसूल' यांचेही असेच. सरकारी कचेरीत ही जोडी नेहमी एकत्र ऐकू येते आणि यमकही पक्के जुळते. तरी 'महसूल'चे सख्खे भावंड 'हासील' आहे, आणि 'वसूल'चे मूळ 'पोहोचणे' या अर्थाच्या वेगळ्याच धातूत आहे. रक्कम धन्यापर्यंत पोहोचली की ती वसूल झाली. कानाला जे जुळते ते कुळाने जुळतेच असे नाही, ही गोष्ट सोयरिकी जुळविणाऱ्या घरांतील वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

नाव आणि माणूस यांतही असेच अंतर पडू शकते. बगदादचा खलिफा हारून अल्-रशीद याने ७८६ ते ८०९ या काळात राज्य केले. त्याने आपल्या तीन पुत्रांना दिलेल्या पदव्या पाहण्याजोग्या आहेत. एक 'अल्-अमीन', दुसरा 'अल्-मामून', तिसरा 'अल्-मुतमिन'. तिन्ही 'अ-म-न' या एकाच मुळातून घडविलेल्या, तिन्हींचा आशय विश्वासाचाच. ८०२ मध्ये हारूनने मक्केत वारसाहक्काचे करार लिहून घेतले. आधी अमीन गादीवर येईल, खुरासान प्रांत मामूनकडे राहील, आणि अमीननंतर मामून खलिफा होईल, असे ठरले. दोघा भावांनी शपथा घेतल्या. ते दस्तऐवज काब्यात लटकविण्यात आले. याहून पवित्र आणि याहून जाहीर अशी जागा त्या काळी दुसरी नव्हती.

हारूनच्या मृत्यूनंतर अमीन खलिफा झाला. थोड्याच काळात त्याने भावाला बाजूस सारून आपल्या लहानग्या मुलाचे नाव वारस म्हणून पुढे केले, आणि काब्यातील ते करारही नष्ट करविले. ८११ मध्ये भावाभावांत युद्ध पेटले. मामूनचा सेनापती ताहिर याने बगदादला वर्षाहून अधिक काळ वेढा दिला. जगातील त्या वेळच्या श्रेष्ठ नगरांपैकी एक असलेल्या बगदादचे मोहल्लेच्या मोहल्ले उद्ध्वस्त झाले. ८१३ मध्ये अमीन मारला गेला. बापाने मुलाला विश्वासाचे नाव दिले होते. त्या नावाची राखण मुलाला करता आली नाही, आणि त्याची किंमत साऱ्या शहराने मोजली. पुढे मामूनने वीस वर्षे राज्य केले. त्याच्याच आश्रयाला राहून अल्-ख्वारिज्मीने बीजगणिताचा ग्रंथ रचला. वारसांच्या वाटण्या, भागीदारी आणि व्यापार यांतील हिशेब सोडविण्यासाठी तो उपयोगी पडावा, असा त्याचा उद्देश होता.

ठेव सांभाळण्याची जबाबदारी ही काही एका भाषेची वा एका धर्माची मिरास नाही. भारतीय धर्मशास्त्रांनी ठेवीला 'निक्षेप' वा 'न्यास' म्हटले आणि तिच्या वादांसाठी न्यायव्यवहारात स्वतंत्र प्रकरण राखले. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'न्यासापहार' हा एक आहे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचा जो अर्थ केला आहे, तो फार मार्मिक आहे. ठेव ठेवणारा मनुष्य रक्कम किती होती हे विसरला आणि येऊन त्याने कमी रक्कम मागितली. त्या वेळी सांभाळणाऱ्याने 'होय, एवढीच होती' असे म्हणणे, हा न्यासापहार. येथे कोणी तिजोरी फोडलेली नाही, कोणी खोटा दस्त केलेला नाही. समोरचा मनुष्य स्वतःच चुकला आहे, आणि याने केवळ मान डोलावली आहे. तरीही व्रताला बाधा आली, आणि ती अचौर्याच्या नव्हे तर सत्याच्या व्रताला. मक्केतील ठेवी परत करणाऱ्या अलीची कथा आणि हे सूक्ष्म विवेचन यांचे देश, काळ आणि धर्म भिन्न आहेत. मात्र अनामत हा शब्द ज्या पानावर लिहिला जातो, ते पान दोन्हीकडे सारखेच जड आहे.

पुष्कळशा जुन्या पेढ्यांच्या वह्यांत अनामत खात्यावर अशी काही नावे असतात, जी दर दिवाळीला एका वहीतून दुसऱ्या वहीत केवळ उतरवून घेतली जातात. ठेवणारा गेला, त्याचे घर गाव सोडून गेले, मागायला कोणी येत नाही. रक्कम लहान असते, म्हणून पुढे कधीतरी एखादा हिशेबनीस ती नफ्यात वर्ग करून पान मोकळे करण्याचा सल्ला देतो. कायद्याची मुदत उलटून गेलेली असेल तर त्याला कोणी अडवितही नाही. शब्दाची वंशावळ येथे उपयोगी पडते. अमीन हे नाव ज्या गुणावरून पडले, त्याची परीक्षा ठेव मागायला कोणी न येण्याच्या दिवशीच होते. नवी वही उघडण्यापूर्वी जुन्या वहीतील ते पान एकदा मोठ्याने वाचावे, आणि त्या नावांपैकी निदान एकाच्या वारसाचा ठावठिकाणा घरातील तरुणाने शोधून काढावा.